काखेत बसणारा बोर्ड

“काकू, हा तुमचाच आहे, की कुणाचा तरी धरून उभ्या आहात?”

विचारणारी मुलगी नऊ-दहा वर्षांची असेल. ओले केस गालांना चिकटलेले, नाकावर पांढऱ्या मलमाचा जाड पट्टा, आणि डोक्यावर दोन्ही हातांनी तोललेला पिवळा फोमचा बोर्ड, तिच्या उंचीच्या जवळजवळ दीडपट. प्रश्नात खवचटपणा अजिबात नव्हता. वाटेत भेटलेल्याला किती वाजले विचारावं, तसं तिनं विचारलं होतं. मी गुडघाभर पाण्यात उभी होते आणि माझ्या काखेत माझा पांढराशुभ्र, टोकदार, ५ फूट १० इंचांचा सर्फबोर्ड होता. तासभर मी नुसती उभी होते असं नाही, त्या तासात निदान तीस वेळा पडले होते. पण सारखा पडून उठणारा माणूस लांबून उभ्याच माणसासारखा दिसत असावा. “माझाच आहे,” मी म्हणाले. “बरं,” म्हणून ती पुढे गेली. फेसात बोर्ड टाकला, त्यावर पालथी पडली, चार हात मारले, आणि मागून आलेल्या कंबरभर लाटेनं तिला उचलून पार वाळूपर्यंत नेऊन सोडलं. मधल्या मध्ये ती उभी कधी राहिली ते मला कळलंसुद्धा नाही.

त्या रात्री खांदे असे भरून आले होते की कूस बदलता येईना. काही उचलायला वाकलं की नाकातून एकदम खारं पाणी ओघळायचं, जणू समुद्रानं माझ्या डोक्यात थोडी जागा भाड्यानं घेतली होती. ते चालण्यासारखं होतं. त्या मुलीचं वाक्य मात्र डासासारखं कानाशी येत राहिलं, हातानं उडवलं की पुन्हा दुसऱ्या बाजूनं. कारण तिचा अंदाज तसा चुकलेला नव्हता. तो बोर्ड मी दुसऱ्याच कुणासाठी तरी घेतला होता. ती दुसरी म्हणजे मीच, पण वीस वर्षांनी लहान, बारा किलोंनी हलकी, आणि लाटेच्या उतारावरून तिरकी घसरत जाणारी.

बोर्ड जुनाच घ्यायचा हे मी आधी ठरवलं होतं आणि त्या शहाणपणावर खूश होते. विकणाऱ्यानं दोन बोर्ड भिंतीला टेकवून ठेवले होते. एक निळा, फोमचा, आठ फुटी. रुंद, जाड, बोथट नाकाचा, कुणीतरी गादी उन्हात टाकून विसरून गेल्यासारखा. त्याच्याकडे मी धड पाहिलंही नाही. दुसरा हा पांढरा. मी तो उचलला आणि काखेत धरला. हात त्याच्या पोटावरून गेला, बोटं खालच्या कडेखाली अलगद वळली आणि तो कमरेशी असा काही बसला की जणू माझ्या मापानं बेतला होता. समोर एक गाडी उभी होती. तिच्या काचेत मी स्वतःला पाहिलं. व्यवहार तिथेच झाला, पुढचं बोलणं नुसतं सोपस्काराचं. “शिकायला चालेल ना?” मी विचारलं. “चालेल की. शिकाल तसं जमेल,” तो म्हणाला. यातला एकही शब्द खोटा नव्हता. मी त्यालाही दोष देत नाही; ज्या उत्तरासाठी मी प्रश्न विचारला होता, ते त्यानं दिलं.

त्यानंतरचे दोन महिने फार करुण होते. मी बोर्डावर पालथी पडले की तो माझ्यासकट पाण्याखाली जायचा. बुडायचा नाही, नुसता वितभर खाली जाऊन थांबायचा. बाहेरून पाहणाऱ्याला, एक बाई छातीपर्यंत पाण्यात आडवी पडून कुठेतरी जायची घाई करते आहे, एवढंच दिसत असणार. लाट यायची, मी जिवाच्या आकांतानं हात मारायची, लाट माझ्याखालून शांतपणे निघून जायची. क्वचित एखादी मला पकडायची, तेव्हा बोर्डाचं टोक आधी पाण्यात घुसायचं आणि मागून मी. सर्फर याला ‘पर्लिंग’ म्हणतात, मोती काढायला बुडी मारल्यासारखं. माझ्या हाती मात्र दरवेळी नुसती वाळू यायची, तीही दातांत.

तेव्हा मला हे कळत नव्हतं की लाट कुणासाठी थांबत नाही हे नुसतं म्हणायला नाही, त्याला हिशेब आहे. पाणी उथळ होत जातं तशी लाट मंदावते, उभी राहते, आणि खोली तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की फुटते. पण मंदावलेली म्हणजे तरी किती? कंबरभर पाण्यातही ती ताशी दहा-अकरा किलोमीटरनं येत असते. तिनं आपल्याला बरोबर न्यावं असं वाटत असेल तर ती पोहोचेपर्यंत आपणही काही वेगात असावं लागतं. चालत्या गाडीत चढताना आधी दोन पावलं धावावं लागतं तसं. लांब, सपाट बोर्ड चार हातांत घसरायला लागतो. माझा नांगरासारखा पाणी उपसत होता. त्यातून त्याचं नाक चांगलंच वर वळलेलं, ज्याला ‘रॉकर’ म्हणतात. उभ्या, पोकळ लाटेवरून खाली येताना तो बाक जीव वाचवतो. माझ्यासमोरच्या आळशी लाटांत त्यानं फक्त पाणी ढकललं.

हे सगळं पुढचं ज्ञान. त्या वेळी मी दोष देत होते तो स्वतःलाच. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी मनातल्या मनात स्वतःला इतक्यांदा ऐकवली, की अंगण खरोखरच वाकडं आहे का हे बघायचं राहूनच गेलं.

आणि त्या मुलीच्या प्रश्नानंतर काही दिवसांनी मला अचानक डबा आठवला. मी पोहायला शिकले ती पाठीला पत्र्याचा डबा बांधून. हवाबंद, फिरकीच्या झाकणाचा, कुठल्यातरी तेलाचा वास कधीच न गेलेला. बाबा दोरी छातीवरून काखेतून घेऊन मागे गाठ मारायचे. ओल्या दोरीनं काखा सोलून निघायच्या, आणि रात्री तिथे खोबरेल लावलं की चरचरायचं. पण त्या चरचरण्यापेक्षा डब्याची लाज जास्त. माझ्याहून दीड वर्षानं मोठा भाऊ आठवड्यात डब्यातून सुटला होता. मी पाण्यात हातपाय मारायला लागले की डबा पाठीवर डबडब वाजायचा, आणि काठावरची पोरं त्या ठेक्यावर टाळ्या वाजवायची. एका दुपारी बाबांचं लक्ष नाही असं पाहून मी गाठ सोडली आणि पाण्यात उतरले. पुढचं चित्र फक्त हिरवं आहे. हिरवं, आणि त्यात वर जाणारे बुडबुडे, आणि मग केसांना बसलेला जबरदस्त हिसका. बाबांनी मला काठावर बसवलं, पाठीवर थोपटून पाणी बाहेर काढलं, आणि एक शब्द न बोलता तोच डबा पुन्हा बांधला. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

डबा म्हणजे लिटर. इतकं साधं होतं ते. माझ्या पांढऱ्या बोर्डाच्या पोटावर, मधल्या लाकडी पट्टीच्या, म्हणजे स्ट्रिंगरच्या कडेनं, शिसपेन्सिलीनं काही आकडे लिहिलेले होते: लांबी, रुंदी १९ इंच, जाडी २ पूर्णांक ३ अष्टमांश इंच, आणि शेवटी २८. मी ते चित्रकाराच्या सहीकडे पाहावं तसं पाहत आले होते. तो २८ म्हणजे घनफळ, लिटरमध्ये. समुद्राचं एक लिटर पाणी एका किलोहून जरासं जास्त भरतं. म्हणजे हा बोर्ड अख्खा पाण्याखाली दाबला तर तो २८-२९ किलोंचा भार उचलून धरणार, त्यातून त्याचं स्वतःचं वजन वजा. मी ६४ किलोंची. उरलेली मी अर्थातच पाण्यात. ज्यांनी उभं आयुष्य लाटांवर काढलं आहे ते आपल्या वजनाच्या निम्म्याहूनही कमी लिटरांवर उडतात, कारण एकदा वेग आला की पाणी खालून आपटून बोर्डाला उचलतं आणि तरंगण्याचा प्रश्नच मागे पडतो. पण तो वेग येईपर्यंत हात मारावे लागतात, आणि हात मारता येण्यासाठी आधी तरंगावं लागतं. नवशिक्यानं निदान आपल्या किलोंइतके लिटर घ्यावेत, जमलं तर वर आणखी पंधरा-वीस, असा साधा ठोकताळा आहे. शाळेत आर्किमिडीजवर मला पैकीच्या पैकी गुण होते, हे इथे सांगून ठेवते.

मग मनात आलं, सर्फबोर्ड म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हाच टोकदार, पांढरा, काखेत मावणारा बोर्ड का येतो? कुणी शिकवलं मला की हाच खरा? हवाई बेटांवर जुन्या काळी मान होता तो मोठ्या बोर्डाला. ‘ओलो’ नावाचे बोर्ड, विलीविलीच्या हलक्या लाकडाचे, सोळा-सतरा फुटांपर्यंत लांब, ते राजेसरदारांचे. बाकी साधे लोक पातळ, आखूड ‘अलाया’वर. जेवढा माणूस मोठा तेवढा त्याचा बोर्ड मोठा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतही नऊ-दहा फूट ही अगदी सर्वसाधारण लांबी होती. मग १९६७ च्या सुमारास वारं फिरलं आणि दोन-तीन वर्षांत लोकांनी आपले बोर्ड दोन-दोन, तीन-तीन फूट आखूड करून टाकले. १९८१ मध्ये सायमन अँडरसन तीन फिनांचा, म्हणजे पोटाला शेपटाकडे बसवलेल्या तीन पात्यांचा, ‘थ्रस्टर’ घेऊन ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचच्या प्रचंड लाटांत उतरला आणि स्पर्धा जिंकला. मागे तीन फिना, पुढे टोक, मध्ये पांढरं अंग. आज छायाचित्रांत जो दिसतो तो बहुतेक वेळा त्याचाच वंशज. माझाही. म्हणजे मी एका पट्टीच्या खेळाडूनं डोंगराएवढ्या लाटांत जिंकून दाखवलेल्या युक्तीची नातवंडं-पतवंडं काखेत मारून गुडघाभर पाण्यात उभी होते.

मला सगळ्यात हेवा वाटतो तो इझाबेल लेथमचा. १९१४-१५ च्या उन्हाळ्यात ड्यूक कहानामोकू सिडनीला आला होता. पोहण्यातलं ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेला माणूस, पण हवाईहून येताना बोर्ड बरोबर नव्हता. त्यानं तिथेच पाइनच्या लाकडाचा एक बोर्ड तासून काढला आणि फ्रेशवॉटरच्या किनाऱ्यावर लोकांना लाटेवर उभं राहणं म्हणजे काय ते दाखवलं. बघायला आलेल्यांतली पंधरा वर्षांची इझाबेल, तिला त्यानं त्याच बोर्डावर आपल्यापुढे घेतलं. पहिल्या लाटांना ती वरून खाली बघून घाबरली, नको नको म्हणाली, शेवटी त्यानं मानगुटीला धरून तिला उभं केलं, असं ती पुढे सांगत असे. तो लाकडी बोर्ड फ्रेशवॉटरच्या क्लबानं आजही जपून ठेवला आहे. हेवा याचा की तिला काही निवडावंच लागलं नाही. होता तो एक बोर्ड, दोघांना पेलणारा, दणकट. कुठला घेऊ, कसा दिसेन, लोक काय म्हणतील, यातलं काही नाही. मानगुटीला एक हात, आणि उभी.

माझ्या मानगुटीला कुणी नव्हतं. होता तो एक स्टिकर.

तो पांढऱ्या बोर्डाच्या बरोबर मध्यावर होता, दोन तळहातांएवढा, निळ्या-काळ्या रंगांत काढलेली एक लाट. घेताना तोही मला फार आवडला होता. एका सकाळी पाण्यातून आल्यावर बोर्ड उन्हात आडवा ठेवला आणि पाहते तर स्टिकरच्या कडेतून पाण्याचे थेंब येत आहेत, एक सुकला की दुसरा. नख घालून स्टिकर सोलला. खाली बोर्डाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एक आडवी सुरकुती, कागद दुमडून पुन्हा सरळ केल्यावर राहते तशी, आणि तिच्यावर घाईघाईनं ओतलेलं रेझिन, म्हणजे ओतल्यावर कडक होणारी राळ. बोर्ड केव्हातरी मध्यातून मोडता मोडता राहिला होता. आता मला कळतं की जुना बोर्ड घेताना आधी तो शेपटाकडून नाकाकडे एक डोळा मिटून बघावा, सुतार फळी बघतो तसा. वरच्या अंगावर अंगठा दाबत जावं. कुठे मऊ लागलं, दबून पुन्हा वर आलं, तर तिथे वरचं काचेच्या धाग्यांचं कवच आतल्या फोमपासून सुटलं आहे. फिना बसतात त्या खाचांभोवतीच्या बारीक भेगा पाहाव्यात. पिवळेपणाला घाबरू नये, तो बहुतेक नुसता उन्हाचा असतो; भेगेभोवती पसरलेला तपकिरी डाग मात्र पाणी आत गेल्याचा. आणि मोठ्या स्टिकरवर मुळीच विश्वास ठेवू नये. मी यातलं काहीही केलं नव्हतं. मी गाडीच्या काचेत बघत होते.

बोर्ड तीन आठवडे उभा करून वाळवला. मग पॉलिशपेपरनं जुनं रेझिन घासलं, काचेच्या धाग्यांचं कापड कापलं, हातमोजे चढवले आणि दुरुस्तीला बसले. आतला फोम पॉलियुरेथेनचा आहे की पॉलिस्टायरीनचा हे आधी बघावं लागतं. पॉलिस्टायरीनवर पॉलिएस्टर रेझिन ओतलं तर फोम विरघळून तिथे खड्डा पडतो, त्याला इपॉक्सीच लागतं. माझा पॉलियुरेथेनचा निघाला. रेझिनचा तो गोडसर, डोक्यात चढणारा वास दोन दिवस घरातून गेला नाही. खरं सांगायचं तर त्या बोर्डाबरोबर घालवलेला सगळ्यात सुखाचा वेळ तो. पट्टी ओबडधोबड झाली, पण माझी होती. लाटेवर नसेल, निदान सतरंजीवर तरी आमचं जमलं.

आणि मग मी त्याच माणसाकडे परत गेले. निळी गादी अजून भिंतीला टेकून उभी होती. तो हसला नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. परत आलेले असे चेहरे त्यानं आधीही पाहिले असणार. ८ फूट लांब, साडेबावीस इंच रुंद, सव्वातीन इंच जाड. ८६ लिटर. मी आकडे आधी वाचले, रंग नंतर पाहिला. तो काखेत मावत नाही. माझा हात त्याच्या दुसऱ्या कडेपर्यंत पोहोचतच नाही, बोटं मध्येच चाचपडत राहतात. डोक्यावर घ्यावा लागतो, आणि वारा आडवा असेल तर बोर्ड मी नेत नसते, बोर्ड मला नेतो. एकदा अशीच गिरक्या घेत वाळूतून जाताना एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पुढचं टोक धरून मला सरळ केलं आणि काही न बोलता चालू लागले. त्याच्या वरच्या खरबरीत कातडीवर पोट सोलून निघतं. ओला झाला की तो चुरचुर आवाज करतो. दिसायला तो आजही मला आवडत नाही, आणि आवडतो असं आता म्हणायचीही गरज वाटत नाही.

पण मऊपणाची किंमत मला दुसऱ्याच दिवशी कळली. पडले, आणि वर येते तोच बोर्ड दोरीच्या ताणानं मागे फिरून कानशिलावर आपटला. थोबाडीत बसल्यासारखं झालं, पण तेवढंच. पायाला बांधायची ही दोरी, ‘लीश’, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आली तेव्हा ती रबरासारखी ताणणाऱ्या नळीची होती. ओले राहूनही ऊब देणारे पोहण्याचे सूट ज्यांच्या नावानं ओळखले जातात त्या जॅक ओ’नील यांचा डावा डोळा अशाच ताणून परत आलेल्या बोर्डानं गेला, आणि पुढे काळी डोळपट्टी ही त्यांची ओळख झाली. कल्पना त्यांच्याच मुलाची होती. तेव्हापासून मी पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर घेऊनच वर येते. पांढऱ्या बोर्डाचं टोक आठवलं की अजून अंगावर काटा येतो. माझ्यासाठी तर येतोच, पण मी शिकत असताना आजूबाजूला जी मुलं खेळत होती त्यांच्यासाठी जास्त.

निळ्यावरची पहिली लाट मी पकडली असं म्हणवत नाही. तिनंच मला उचललं. मी चार-पाच हात मारले, मागून शेपूट वर उचललं गेलं, आणि एकाएकी हात मारायची गरजच संपली. आवाज बदलला. आधी कानांत नुसता खळखळाट असायचा, आता बोर्डाच्या गुळगुळीत पोटाखाली पाणी फटफट वाजत होतं, आणि त्याच्याखाली रेशमी कापड फाडत न्यावं तशी एक सलग सळसळ. मी गुडघ्यावर आले, जे करू नये म्हणतात. मग एक पाय. मग दुसरा. कंबर मोडल्यासारखी वाकलेली, हात आंधळ्या माणसासारखे पुढे, नजर पायांकडे. तीन सेकंद, फार तर चार. मग मी मागच्या मागे बसले, आणि बोर्ड माझ्याशिवायच पुढे गेला, चांगला सरळ, जरासुद्धा न डगमगता. पाण्यात बसून मी हसत होते आणि त्याच वेळी थोडी खट्टू झाले होते. कारण त्याला माझी गरज नव्हती हे मला स्पष्ट दिसलं होतं. हे मी केलं, की ८६ लिटरांनी?

हाच प्रश्न घेऊन मी बाबांना फोन केला. म्हणजे विचारलं दुसरंच, तो डबा माझ्या पाठीवरून शेवटी कधी सुटला ते. मला आठवत नव्हतं. भावाचा सुटल्याचं आठवत होतं, स्वतःचा नाही. बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “तुझा मी सोडलाच नाही. रोज थोडं पाणी भरत गेलो त्यात.” एक दिवस पेलाभर, दुसऱ्या दिवशी तांब्याभर. झाकण घट्ट लावून पुन्हा पाठीला. “तू तेव्हा फार हट्टी होतीस. सोडला असता तर मुद्दाम खोल गेली असतीस, आणि नाही सोडला म्हणून रुसली होतीस.” शेवटचे चार-पाच दिवस मी काठोकाठ भरलेला डबा पाठीवर घेऊन पोहत होते म्हणे. पोरांच्या टाळ्या बंद झाल्या होत्या हे मात्र मला आठवतं. मी समजत होते की ती कंटाळली. भरलेला डबा वाजत नाही.

आता सात-साडेसात फुटी बोर्ड माझ्या नजरेत भरायला लागले आहेत. मधल्या मापाचे, गोल शेपटाचे, फिकट हिरव्या रंगाचे. जाणती मंडळी सांगतात, न फुटलेल्या लाटेवर डावी-उजवीकडे वळता येईपर्यंत फोम सोडू नका. मला उजवीकडे वळता येतं. डावीकडे मी नुसती बघते. तर ते असो.

पांढरा घरात भिंतीला टेकून उभा आहे. विकावा असं कितीदा मनात आलं, पण त्याच्याबद्दल खरं सांगायचं तर गिऱ्हाईक मिळणार नाही, आणि खोटं सांगायला आता जमणार नाही. शिवाय एक गोष्ट आहेच. मला समुद्रात ओढून नेलं ते त्यानंच. निळी गादी पाहून मी एकेचाळिसाव्या वर्षी पहाटे पाचला उठले नसते.

मागच्या आठवड्यात ती मुलगी पुन्हा भेटली. नाकावर तोच पांढरा पट्टा, उंची दोन बोटं वाढलेली. माझ्या डोक्यावरच्या निळ्याकडे तिनं पाहिलं आणि ओळखीचं हसली. “तो छोटा कुठे गेला?” मी म्हटलं, घरी आहे. “मी बघू एकदा चालवून?” माझ्या डोक्यात लगेच गणित सुरू झालं. पोर सत्तावीस-अठ्ठावीस किलोंची असेल. अठ्ठावीस लिटर! तिनं पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न किती बरोबर होता या विचारानं मी घरी जाईपर्यंत एकटीच हसत होते. हा बोर्ड जिचा होता तिनंच येऊन मला विचारलं होतं, हा कुणाचा म्हणून. रविवारी मी तो नेला. तिच्या आईला आधी पट्टी दाखवली, टोक दाखवलं. तिनं बोर्ड उलटासुलटा करून पाहिला, फिना हलवून पाहिल्या, लाटा लहान आहेत ना याची खात्री केली आणि मान डोलावली.

मुलीनं तिचा पिवळा बोर्ड माझ्याकडे दिला आणि पांढरा घेऊन आत गेली. मी कंबरभर पाण्यात तिचा बोर्ड धरून उभी. ती पालथी पडली आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या बोर्डाचं नाक पाण्याबाहेर तरंगताना पाहिलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं, म्हणजे खारं वारंही असेल. तिनं एक लाट सोडली, दुसरी घेतली. उभी राहिली, वळली, थोडी पुढे गेली आणि मध्येच लाट पुढे निघून गेली, ती मागे राहिली. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदा ती पुन्हा गेलीच नाही. बोर्ड ओढत माझ्याकडे आली, कपाळावरचे केस मागे सारले.

“हा पळतच नाही, काकू. माझाच बरा आहे.”

मी पिवळा तिला परत दिला. ती त्यावर पडून निघूनही गेली. मी पांढरा उचलला, त्याच्यावरून निथळणारं पाणी झटकलं आणि वाळूकडे वळले. हात पोटावरून गेला, बोटं खालच्या कडेखाली वळली. काखेत मात्र तो अगदी नेमका बसतो.